तत्त्वतः पाठवलेली पत्रं

चिंतामणराव गोळीवडेकरांनी तुरुंग आतून कधी पाहिला नव्हता, पण तुरुंगातल्या माणसाला काय वाटतं या विषयावर साताऱ्यात त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता. विषय निघाला की ते डोळे मिटत, सुस्कारा सोडत आणि म्हणत, "एकांत! एकांत खातो हो माणसाला." त्यांची बायको गोदावरीबाई आतून ऐकत. चिंतामणराव विम्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसल्यापासून गोदावरीबाईंना त्या एकांताची फार ओढ लागली होती.

निवृत्तीनंतर चिंतामणरावांनी बंदिवान पत्रस्नेह मंडळ काढलं. राजकीय कैद्यांना पत्रं लिहायची, बाहेरचं जग तुम्हाला विसरलेलं नाही असं कळवायचं, हा उद्देश. उद्देश इतका थोर होता की तो सांगून झाल्यावर पुढं काही करायची गरज सभासदांना भासेना. दर महिन्याला एका रविवारी सगळे जमत, जो तो आपलं पत्र उभं राहून वाचे, बाकीचे "वा" म्हणत, मग चहा होई. पाच-सहा पानांत आटोपणारा माणूस नवखा समजला जाई. चिंतामणरावांनी एका पत्रात अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं चांदणं चार पानं वर्णिलं होतं आणि 'तुला यातलं काहीच दिसत नाही, याची मला जाणीव आहे' असा शेवट केला होता. ऐकताना दोन बायकांनी डोळे पुसले. कैद्यानं ते वाचून काय पुसायचं, हा प्रश्न काही निघाला नाही.

कैदी मंडळाकडं एकच होता. नागसेन. माण तालुक्यातला, टँकरच्या पाण्यावरून मोर्चे काढणारा, गाणी रचणारा पोरगा. परराज्यात एका सभेत बोलायला गेला, तिथं त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, आणि कायदा असा लागला की जामिनाचं नाव काढलं तरी वकील पाणी मागायचा. तुरुंग दोन दिवसांच्या प्रवासावर. खटला उभा राहायची चिन्हं नव्हती. वकिलाकडून 'तब्येत ठीक आहे' एवढं कळे, तेही विचारलं तर.

पोलीस त्याला न्यायला गावी आले तेव्हा त्याची आई बायडाबाई शेळ्यांपुढं पाला टाकत होती. दारात गाड्या, भोवती सगळं गाव. साहेबानं विचारलं, "मुलगा तुमचाच ना? घरात आणखी कोण कोण आहे?" घरात आम्रपाली होती, नागसेनची धाकटी बहीण. नर्सिंगच्या परीक्षेला बसायची होती. पोरीलाही उचलतात की काय, या धास्तीनं बायडाबाईच्या तोंडून निघून गेलं, "ह्यो माजा कुनी न्हाई. न्या जावा." नागसेननं एकदा वळून पाहिलं आणि तो गाडीत बसला.

त्या दिवसापासून बायडाबाईला जगात एकच गोष्ट हवी होती. आपण भिऊन बोललो, हे लेकाला कळावं, आणि त्याचं एक अक्षर परत यावं.

आम्रपाली पास होऊन सांगलीच्या एका दवाखान्यात लागली. दर महिन्याला गावी जायची, आई सांगेल ते लिहून घ्यायची, खाली आईचा अंगठा उठवायची. गावाहून, म्हणजे दहिवडीकडून, सांगलीला जाताना सातारा वाटेत लागत नाही. भलत्याच दिशेला राहतो. तरी ती आधी साताऱ्याला यायची आणि पत्र मंडळाच्या हवाली करून रात्री सांगली गाठायची, कारण चिंतामणरावांनी पहिल्याच भेटीत तिला समजावून सांगितलं होतं.

"सर, मी हे सरळ पोस्टातच टाकते की."

"छे, छे! सुट्या पत्राला तिथं कोण विचारतो, बाळ? मंडळाच्या लेटरहेडबरोबर गेलं की वजन पडतं. तुझीसुद्धा पत्रं असली तर दे. एकत्रच जाऊ देत."

"लवकर जाईल ना? आई दाराकडं डोळे लावून बसलीया."

"निश्चिंत रहा."

वजनाचं मात्र त्यांनी खरं सांगितलं होतं. ते पत्र दीड वर्षं जागचं हललं नाही.

यात कोणाचा आळस नव्हता. आळशी माणसांना एवढं जमत नाही. झालं असं की मंडळानं पत्रांचं पुस्तक काढायचं ठरवलं, आणि पुस्तकाला मूळ हस्ताक्षरातल्या प्रती हव्यात असं निघालं. मग चिंतामणरावांनी सुचवलं की कैद्याला झेरॉक्स पाठवू. त्यावर सांगली शाखेचे प्रमुख, प्राध्यापक देवदत्त, ताडकन उठले. कैद्याला झेरॉक्स पाठवणं हा त्याच्या मानवी प्रतिष्ठेचा अपमान आहे, असं ते म्हणाले, आणि बसताना टाळ्या पडतील एवढा वेळ उभे राहिले. सातारा एकीकडं, सांगली दुसरीकडं. तोडगा म्हणून दोन्ही शाखांची संयुक्त बैठक घ्यायचं ठरलं आणि ती होईपर्यंत कुठलंच पत्र धाडू नये, असं एकमतानं मंजूर झालं. मंडळात एकमत झालेला तो एकमेव ठराव. सातारकर सांगलीला जायला तयार नव्हते, सांगलीकर साताऱ्याला यायला. मधलं गाव म्हणून कऱ्हाड सुचवलं, तर कऱ्हाडकर म्हणाले, आधी आम्हाला स्वतंत्र शाखा द्या.

पत्रं चिंतामणरावांच्या कपाटात होती. वर डांबरगोळ्या.

"टाकलीत का हो पत्रं?" गोदावरीबाई कपडे ठेवता ठेवता विचारत.

"तत्त्वतः टाकल्यातच जमा आहेत."

"आणि पोस्टात?"

"तुला संस्थेचं कामकाज कळत नाही, गोदे."

"नाही कळत. मला आपलं एवढंच कळतं की या खणात माझ्या साड्या होत्या."

इकडं महिने चालले होते. बायडाबाईच्या पत्रात दर वेळी वेगळी बातमी असे, शेळी व्याली, मधल्या विहिरीला पाणी लागलं, धोंडिराम मास्तर तुझी आठवण काढतात. पण फिरून फिरून गाडी तिथंच येई. 'नागू, म्या भ्याले रं. आम्रीला न्हेत्याल म्हनून बोलले. तू मनात धरलंस व्हय?' उत्तर येईना. तिनं आधी डोक्याला हात लावला, मग पोस्टमनला शिव्या दिल्या, मग त्याही सोडून दिल्या. आम्रपाली एकदा चिंतामणरावांना म्हणाली, "सर, आई आता जेवताना त्याचं नाव काढत नाही. म्हणती, त्यानं खरंच धरलं मनात. बरोबर हाय त्याचं."

चिंतामणरावांना मनापासून वाईट वाटलं. वाईट वाटण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी तातडीची बैठक बोलावली. 'आमच्या मंडळाची व एका वृद्ध मातेची पत्रं कैद्यापर्यंत पोचू न देणाऱ्या निर्दय कारागृह प्रशासनाचा तीव्र निषेध' असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. मांडताना त्यांचा आवाज भरून आला. कपाटाची किल्ली त्या वेळी त्यांच्याच खिशात होती, पण निषेध हा भावनेचा विषय आहे, किल्लीचा नाही. ठराव रजिस्टर्ड पोस्टानं रवाना झाला. मंडळाच्या इतिहासात पोस्टात पडलेला हा पहिला कागद. त्याची पोचही आली. तुरुंगातल्या ज्या कोणी तो घेतला असेल, त्यानं चार-आठ दिवस कपाटं धुंडाळली असतील बिचाऱ्यानं.

पुस्तकाचं काम मात्र झपाट्यानं चाललं. नाव ठरलं 'गजांना फुटली पालवी'. सभासदांची पत्रं वाचून झाल्यावर दोन्ही शाखांच्या लक्षात आलं, पण कोणी बोललं नाही, की त्यात वाचण्यासारखी पत्रं बायडाबाईचीच आहेत. म्हणून ती शेवटी घ्यायची ठरली, परिशिष्टात.

"'भ्याले' हे वाचकाला खटकेल," देवदत्त म्हणाले. "'भयव्याकूळ झाले' करू."

"अहो, अस्सल माणदेशी आहे ते. मातीचा वास आहे त्याला."

"मग तळटीप देऊ. भ्याले, म्हणजे भयव्याकूळ झाले."

"आणि ते शेळी व्याल्याचं?"

"ते काढा. संघर्षाशी संबंध लागत नाही."

प्रकाशन सांगलीत करायचं ठरलं, त्याबदल्यात पेढे साताऱ्याचे. देवदत्तांना सांगलीचं भडंग हवं होतं. ते म्हणाले, कैद्यांच्या पुस्तकाला पेढे शोभत नाहीत. शेवटी दोन्ही आलं. आणि मूळ पत्रांचं प्रदर्शन मांडायची कल्पना चिंतामणरावांची. हॉलच्या दाराशी लांब टेबल, त्यावर पत्रं, वर काच. काच देवदत्तांनी स्क्रूनं आवळून घेतली, कारण साताऱ्याचे लोक परत जाताना मूळ पत्रं घेऊन जातील असा त्यांना दाट संशय होता. मधोमध बायडाबाईची पत्रं, अंगठे वर दिसतील अशी लावलेली. अंगठ्यावर चिंतामणरावांचा फार जीव. मुखपृष्ठावरही त्यांनी तोच टाकला होता, मोठा करून, लाल रंगात.

"पत्रं मांडताय तिथं," निघताना गोदावरीबाई म्हणाल्या, "आणि ती बाई येणार आहे ना?"

"सत्काराला येणार आहे. तिला किती आनंद होईल बघ."

गोदावरीबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि त्या घरीच राहिल्या.

बायडाबाई आली, ती धुवट पांढऱ्या लुगड्यात, पदर घट्ट खोचून. आम्रपाली शेजारी. बायडाबाईनं आल्या आल्या चिंतामणरावांपुढं हात जोडले. "तुमचं लय उपकार हायती. माजा कागूद त्याच्यापतुर न्हेताय. त्यो बोलंना, ह्यात तुमचा काय दोस?"

चिंतामणरावांनी तेही स्वीकारलं.

प्रमुख पाहुण्यांना उशीर होणार होता; पाहुण्यांची ती पद्धतच असते. वेळ होता, मन भरलेलं होतं, आणि समोर दाखवायला काहीतरी होतं. चिंतामणरावांनी बायडाबाईला स्वतः टेबलाशी नेलं. लोक बघत होते.

"या, माउली. तुम्हाला तुमचीच श्रीमंती दाखवतो."

बायडाबाई वाकली. तिला अक्षर कळत नव्हतं. तिनं एका कागदावरून दुसऱ्यावर नजर नेली, मग आपल्या उजव्या हाताचा अंगठा काचेवर टेकवला आणि बघत राहिली. अंगठ्याच्या मधोमध जुनी चीर होती. काचेखालच्या शाईतही होती.

"ह्यो माजा अंगटा हाय."

"अगदी बरोबर!" चिंतामणराव खूश झाले. "ओळखलंत!"

"इळा लागल्याली चीर हाय ही. ह्योबी माजाच. आन् ह्योबी."

"सगळे तुमचेच. अस्सल आहेत म्हणून तर काचेखाली ठेवलेत."

"मग नागूला काय गेलं?"

चिंतामणरावांनी पाहुणे आले का म्हणून दाराकडं पाहिलं.

"आम्रे," बायडाबाईनं आवाज दिला, "हिकडं ये गं. वाच ह्ये."

आम्रपालीनं वाचायचं कारण नव्हतं. अक्षर तिचंच होतं. तिनं पहिलं पाहिलं, शेवटचं पाहिलं. कोपऱ्यात तिची स्वतःची पत्रंही होती, 'इतर कुटुंबीय' अशा चिठ्ठीखाली.

"सर, ही तुम्ही पाठवली होती ना?"

"तत्त्वतः, हो."

"म्हणजे?"

"म्हणजे पाठवायचा निर्णय झालेलाच आहे. मूळ प्रत की झेरॉक्स, एवढ्याच मुद्द्यावर..."

"सांगली शाखेची भूमिका पहिल्यापासून मूळ प्रतीची होती," देवदत्त मागून म्हणाले. "हे इतिवृत्तात आहे. उशीर साताऱ्यामुळं झाला."

"उशीर साताऱ्यामुळं? बैठकीला साताऱ्यापर्यंत यायला कोणाला जड झालं होतं?"

"आवं, थांबा की वाईच!" बायडाबाईचा आवाज एवढा चढला की भडंगाच्या टेबलापाशी वाटी धरून उभे असलेले लोकही वळले. "दीड वरीस मी हुंबऱ्याकडं बघत बसले. माज्या लेकरानं तोंड फिरवलं म्हनून अन्न गोड लागंना झालंया. आन् माजा कागूद हितं तुमच्या काचंत? लिवाय येतं तुमाला, वाचाय येतं, उबं ऱ्हाऊन बोलायबी येतं. आन् पोस्टाच्या डब्यापतुर चालाय येत न्हाई व्हय? पाय गेल्यात का तुमचं?"

"माउली, तुमच्या भावना मी समजू शकतो..."

"नगा समजू. कागूद काडा."

"काच आवळलेली आहे. स्क्रू ड्रायव्हर..." देवदत्त इकडंतिकडं पाहू लागले. "आणि ही पत्रं आता मंडळाच्या संग्रहाची. काढायची तर ठराव..."

बायडाबाईनं ठरावाची वाट पाहिली नाही. शेजारी सत्काराचं तबक होतं. शाल, हार, नारळ. तिनं नारळ उचलला.

"अहो, अहो, तो सत्काराचा आहे!" चिंतामणराव ओरडले.

"सत्कारच करतीया," बायडाबाई म्हणाली, आणि नारळ काचेवर घातला.

आम्रपालीनं काचा बाजूला सारल्या, सरावाच्या हातानं, जखमेतल्या काढाव्यात तशा. आईची पत्रं घेतली, आपली घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली. चिंतामणरावांचं चांदण्याचं पत्र शेजारीच होतं. ते तिनं तसंच राहू दिलं, आणि खरं सांगायचं तर चिंतामणरावांना त्या सगळ्या प्रकारात तेच सर्वांत लागलं.

"चल, आये. चौकातलं पोस्ट उघडं हाय."

मायलेकी निघून गेल्या. हॉलमध्ये कुजबूज झाली, कोणीतरी काचा झाडून घेतल्या, पेढे वाटले गेले. तेवढ्यात पाहुणे आले. टेबलावरची फुटकी चौकट पाहून ते थबकले आणि म्हणाले, "वा! रिकामी जागा. फुटलेली काच. किती बोलकं प्रतीक!" चिंतामणरावांनी मान लववली. पुढं भाषणात ते म्हणाले, "मित्रहो, गजांना पालवी फुटली होती. आज काच फुटली." टाळ्या पडल्या. देवदत्तांनीही वाजवल्या, काच सातारा शाखेच्या खर्चात दाखवायचं त्यांनी तोवर ठरवून टाकलं होतं.

पुस्तक बऱ्यापैकी खपलं. लोकांनी परिशिष्ट वाचलं आणि बाकीचं चाळलं. दुसरी आवृत्ती काढायचं ठरत होतं, तोच बातमी आली की नागसेनचं आईला उत्तर आलंय. चिंतामणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उत्तराशिवाय दुसरी आवृत्ती म्हणजे देवाविना देऊळ. ते दहिवडीची एसटी पकडून थेट बायडाबाईच्या दारात गेले.

आम्रपाली रजेवर आलेली होती. तिनं त्यांना अंगणात खाटेवर बसवलं, चहा दिला. पलीकडं शेळ्या बांधलेल्या. एका करडानं येऊन त्यांच्या धोतराचा सोगा चावायला घेतला; हेच ते, संघर्षाशी संबंध नसलेलं.

आत बायडाबाई म्हणत होती, "परत वाच गं. त्ये शेळीचं इचारलंय तितनं वाच." आम्रपाली आत जाऊन वाचू लागली, हलक्या आवाजात. शब्द बाहेर येत नव्हते. मध्येच बायडाबाई हसली, मोठ्यानं, पोरीसारखी. मग नाक शिंकरल्याचा आवाज, आणि पुन्हा, "परत वाच."

आम्रपाली बाहेर आली तेव्हा चिंतामणरावांनी घसा साफ केला.

"इतका उशीर का केला त्यानं? काही लिहिलंय?"

"म्हणतो, आई सगळ्यांदेखत बोलली, ती या आम्रीला वाचवायला बोलली, हे त्याला तिथंच कळलं होतं. आपलं पत्र आलं तर पोलीस पुन्हा दारात येतील, म्हणून ती लिहील तेव्हाच लिहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तिच्या पत्राची वाट बघत बसला होता."

चिंतामणरावांनी खिशातून पेन काढलं. "अप्रतिम. हे... हे मूळ पत्र दोन दिवसांसाठी मिळालं तर? फक्त पुस्तकासाठी. लगेच परत."

"देते की, सर."

"खरंच?"

"तत्त्वतः दिलंच म्हणून समजा."

चिंतामणरावांनी करडाच्या तोंडातून सोगा सोडवून घेतला. मग जरा थांबून, विचारू की नको करत, त्यांनी विचारलं, "मंडळाविषयी काही लिहिलंय का त्यानं?"

"लिहिलंय. आईनं नव्या पत्रात तुमचं सांगितलं होतं ना, त्यावर."

"काय लिहिलंय?"

"'मंडळ म्हणजे कोण?'"

चिंतामणराव एसटीची वाट बघत दहिवडीच्या स्टँडवर बसले. ऊन होतं, गाडी दिसत नव्हती. अन्याय त्यांना असह्य झाला. दीड वर्ष ज्याच्यासाठी झिजलो, त्याला आपण कोण हेच माहीत नाही! त्यांनी पिशवीतून लेटरहेड काढलं, मांडीवर पुस्तक घेतलं, लाल अंगठ्यावर कागद टेकवला आणि लिहायला बसले. 'प्रिय नागसेन, तू मला ओळखत नाहीस.' त्यांना स्वतःलाच ते वाक्य आवडलं. एक गाडी गेली, दुसरी गेली. त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी पत्र संपलं, लिफाफ्यात गेलं, पत्ता झाला. तिकीटसुद्धा त्यांच्या पाकिटात निघालं.

रस्त्यापलीकडं पोस्टाचा लाल डबा होता. चिंतामणराव उठले, रस्ता ओलांडला आणि लिफाफा डब्याच्या तोंडाशी नेला. हात तिथं थांबला. पत्र चांगलं उतरलं होतं. मधला एकांताचा परिच्छेद तर असा उतरला होता की पुन्हा तसा जमेल याची खात्री नव्हती.

त्यांनी लिफाफा परत खिशात घातला आणि शेजारच्या चहावाल्याला विचारलं, "काय हो, इथं झेरॉक्स कुठं काढून मिळेल?"